कॅरिबियनला निघालात आणि गहू चालत नाही? या चुका टाळा

सिलिॲक (गहू-बार्लीतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार, मलाही आहे) असलेल्या ओळखीच्या कुणी तिकिटं काढली की मला फोन येतो. "तिकडे काय, मासे, भात, नारळ. आपलं कोकणच की!" मीही हेच म्हणत गेले होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओळखीच्या नावांवर विसंबणं. १८४५पासून त्रिनिदादला भारतातून करारावर मजूर गेले, त्यात भोजपुरी मुलखातले पुष्कळ. म्हणून पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावर चना, बारा, फुलोरी, धालपुरी असं कानावर पडतं आणि आपला माणूस विरघळतो. नवरा क्वीन्स पार्क ओव्हल बघून तृप्त (गावसकर, १९७१, ७७४ धावा, विमानातच तीनदा ऐकवून झालं होतं) आणि मी उपाशी. गाडीवाल्या बाईंनी कागदावर दोन पिवळेधम्मक, मऊ बारे ठेवले, वर चण्याची रसदार भाजी, काकडी, चिंचेची चटणी. याला तिथे डबल्स म्हणतात. बारा म्हणजे बडा, बडा म्हणजे वडा, वडा म्हणजे डाळ, असं गणित मी उभ्याउभ्या सोडवलं. पिवळा रंग बेसनाचा असणार, हेही मीच ठरवलं. सगळं चाटूनपुसून खाल्लं आणि दुसरी पुडी मागताना सहज विचारलं, कशाचे हो? "फ्लॉवर, डार्लिंग, अँड सॅफ्रन." तिथे फ्लॉवर म्हणजे भाजी नव्हे, मैदा. आणि सॅफ्रन म्हणजे हळद!

पुढचे तीन दिवस हॉटेलची खोली. माराकसचा समुद्र नवऱ्याने एकट्याने पाहिला. तिथला प्रसिद्ध ‘बेक अँड शार्क’ही मला चालला नसताच, तो बेक म्हणजे मैद्याचा तळलेला पाव.

धालपुरीत डाळ असते ती पोटात. पुरणपोळीत डाळ आहे म्हणून ती आपल्याला चालते का? फुलोरीत वाटाण्याच्या डाळीच्या पिठाबरोबर बरेचदा मैदाही असतो. नावं सोडा, पीठ विचारा.

आणि विचारायचं तेही नीट. "ग्लुटेन आहे का?" असं गाडीवर विचारलं की हसून ‘नो नो’ म्हणतात, त्यांचा दोष नाही, आपला प्रश्न चुकला. मी तीनच गोष्टी विचारते, तेही वाढणाऱ्याला नाही, चुलीपाशी उभ्या असलेल्याला: फ्लॉवर घातलंय का, सोया सॉस (त्यात बहुधा गहू असतो) घातलाय का, याच तेलात आणखी काय तळता. जमैकातलं जर्क चिकन दुसऱ्या प्रश्नात गळतं, कारण त्या मसाल्यात बरेचदा सोया सॉस असतो. तळलेली केळी तिसऱ्यात. क्युबा किंवा डॉमिनिकन रिपब्लिकला जात असाल तर त्रिगो (गहू) आणि सेबादा (बार्ली) हे शब्द कागदावर लिहून न्या.

जमैकात बॅमी खा, ती भाकरी कसाव्याची, म्हणजे साबुदाणा ज्याचा करतात त्या कंदाची. शेजारी ठेवलेलं ‘फेस्टिव्हल’ मक्याचं दिसतं, पण त्यात मैदा असतो. बार्बाडोसचं कुकू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी, बिनधास्त खा. सोबतचा उडणारा मासा मात्र पिठात घोळवलेला नाही ना, ते बघा. रम चालते, बिअर नाही. मुलांच्या हातात मॉल्टची बाटली देऊ नका, ती बार्लीची.

रिसॉर्टचा बुफे उघडल्या उघडल्या गाठा. तासाभराने पास्त्याचा डाव भातात गेलेला असतो.

निदान होऊन तीन महिने झालेली मंडळी मला ग्लुटेन पचवणाऱ्या गोळ्यांबद्दल विचारतात. एक गोळी घ्यायची आणि सुट्टीपुरतं सगळं खायचं. सिलिॲकमध्ये असं होत नसतं. एवढी घाई असेल तर घरीच थांबा.

राहिली घरून न्यायच्या खाण्याची पिशवी. हॉटेलातल्या त्या तीन दिवसांत मी घरून नेलेल्या छोट्या कुकरमध्ये मुगाची खिचडी करून खात होते, हिंगाची फोडणी देऊन. दोन दिवसांनी पोट सुधारायचं तर पुन्हा बिघडलं. पुण्याला परत आल्यावर एकदा ती हिंगाची डबी हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली: खाण्याचा डिंक, हिंग आणि मैदा.