मर्क्युशिओ 'विनोदी मित्र' नाही

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला शेक्सपिअरचं 'रोमिओ अँड ज्युलिएट' होतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे मूळ नाटक उघडायचा धीरच होईना. मी गाइड घेऊन बसले. त्यात रोमिओचा मित्र मर्क्युशिओ याच्यापुढे दोनच शब्द होते : विनोदी मित्र. मी ते पाठ केले, पेपरात लिहिले आणि पुढच्या वर्षी सेमिनारसाठी नाटक खरोखर वाचलं तेव्हा रडू आलं. केवढा माणूस मी दोन शब्दांत गुंडाळून टाकला होता! यंदा ज्यांना हे नाटक नेमलंय, त्यांचं तसं होऊ नये म्हणून लिहितेय.

सुरुवात पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशापासून करा, आणि मोठ्याने वाचा. रात्रीची वेळ आहे. मुखवटे आणि मशाली घेऊन रोमिओ आणि मित्रमंडळी कॅप्युलेटच्या, म्हणजे ज्युलिएटच्या वडिलांच्या मेजवानीला निघाली आहेत. दोन्ही घराण्यांत हाडवैर आहे. रोमिओ रोझलिनसाठी झुरतोय, नाचायला तयार नाही. तो म्हणतो, मला स्वप्न पडलं. इथे 'टुनाइट' हा शब्द येतो. 'आज रात्री' असा अर्थ धरून मी अर्धा तास अडकले होते. शेक्सपिअरच्या काळी त्याचा अर्थ 'काल रात्री' असाही होत असे. मर्क्युशिओ म्हणतो, मलाही पडलं. काय? तर, स्वप्नं बघणारे बरेचदा 'लाय' करतात, म्हणजे खोटं बोलतात. पण 'लाय' म्हणजे आडवं होणंही. रोमिओ नेमका तोच शब्द पकडतो : हो, अंथरुणात आडवे होतात आणि खरी ठरणारी स्वप्नं बघतात. स्वप्नं खरी की खोटी, हा नाटकभर चालणारा वाद इथे एका श्लेषावर उभा राहतो. म्हणून सांगते, भाषांतर सोबतीला जरूर ठेवा, पण बोट मूळ ओळीवर असू द्या.

मग मर्क्युशिओचं क्वीन मॅबवरचं लांबलचक भाषण येतं. ते मला काही केल्या कळेना, तेव्हा मी वहीत चित्र काढलं. अंगठीतल्या खड्याएवढी ही परी. तिचा रथ म्हणजे पोकळ हेझलनट, आपल्या सुपारीएवढा. तो कोरलाय खारीने, नाहीतर अळीने. चाकांचे आरे कोळ्याच्या लांब तंगड्यांचे, छत टोळाच्या पंखांचं, चाबूक रातकिड्याच्या हाडाचा आणि सारथी एक करडं चिलट. हा रथ झोपलेल्यांच्या अंगावरून धावतो. प्रेमिकाच्या मेंदूतून गेला की त्याला प्रेमाचं स्वप्न, वकिलाच्या बोटांवरून गेला की फीचं, सैनिकाच्या मानेवरून गेला की गळे कापण्याचं. सैनिक दचकून उठतो, घाबरून देवाचं नाव घेतो आणि पुन्हा झोपतो. चित्र पूर्ण झालं तेव्हा मुद्दा कळला : ज्याच्या मनात जे, तेच त्याच्या स्वप्नात. प्रेमही त्यातलंच. पण भाषण पुढे पुढे काळवंडत जातं, बोलणाऱ्यालाच आवरेनासं होतं आणि रोमिओला त्याला गप्प करावं लागतं. ज्या स्वप्नांना मर्क्युशिओ स्वतः 'काहीच नसलेलं' म्हणतो, त्यांच्याबद्दल हा माणूस एवढा बेभान होऊन का बोलतो? सेमिनारमध्ये मी हाच प्रश्न मांडला होता. तुम्हीही त्यावर थांबा.

प्रेमाबद्दलचा त्याचा संशय खोटा आहे, असं घाईने लिहू नका. रोझलिनपुरता तो बरोबरच ठरतो. ज्युलिएट दिसताच रोमिओ तिला विसरतो. पण ज्युलिएटबद्दल मर्क्युशिओला कधी कळतच नाही. तिसऱ्या अंकात तो मरतो तोवर त्याच्या लेखी रोमिओ रोझलिनच्याच मागे असतो. ज्युलिएटशी गुपचूप लग्न झालंय म्हणून रोमिओ तिच्या नातलगाशी लढायला नकार देतो, आणि त्याच्याऐवजी मर्क्युशिओ तलवार उपसतो. मला ही गोष्ट फार लागते. ज्या प्रेमापायी त्याचा जीव गेला, ते त्याला ठाऊकच नव्हतं.

दैवाच्या प्रश्नावर मी पहिल्यांदा सपशेल चुकले. प्रस्तावनेतच प्रेमिकांच्या ताऱ्यांचा उल्लेख आहे, म्हणून सटवाईने लिहिलं तसं घडलं, असं लिहून मोकळी झाले. नाटकात दैव त्याहून बारीक वाटांनी येतं. कॅप्युलेटच्या नोकराला वाचता येत नाही, म्हणून तो पाहुण्यांची यादी वाचायला रस्त्यातल्या रोमिओला देतो. त्या यादीत मर्क्युशिओचंही नाव आहे! पुढे मरताना मर्क्युशिओ दोन्ही घराण्यांना प्लेगचा शाप देतो. आणि ज्युलिएट मेलेली नाही, औषधाने झोपली आहे, हे कळवणारं धर्मगुरू फ्रायर लॉरेन्सचं पत्र पाचव्या अंकात रोमिओपर्यंत पोचत नाही ते प्लेगमुळेच : साथीच्या संशयावरून पत्र नेणाऱ्या फ्रायर जॉनला एका घरात कोंडून ठेवलेलं असतं. 1592 ते 1594 या काळात प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहं बराच काळ बंद होती. त्या प्रेक्षकांना 'प्लेग' ही नुसती शिवी वाटली नसणार. स्वप्नांना थोतांड म्हणणाऱ्याचाच शब्द असा खरा होतो.

पूर्वसूरींकडे वेळ असेल तरच जा, पण एक गोष्ट पाहून ठेवा. शेक्सपिअरने ज्यावरून कथा घेतली त्या आर्थर ब्रुकच्या 1562 मधल्या दीर्घकाव्यात मर्क्युशिओ मेजवानीत क्षणभर दिसतो. त्याचे हात बर्फासारखे गार असतात, बस एवढंच. स्वप्नांवरचं भाषण आणि तो मृत्यू शेक्सपिअरने दिला. ब्रुककडे महिनोन्‌महिने चालणारी कथाही त्याने चार-पाच दिवसांत बसवली.

शेवटी पाचव्या अंकाचा पहिला आणि तिसरा प्रवेश शेजारी शेजारी ठेवून वाचा. हद्दपार होऊन मँटुआ शहरात राहणारा रोमिओ आनंदात आहे, कारण त्याला स्वप्न पडलंय : मी मेलेला होतो, ज्युलिएट आली, तिने चुंबनांनी माझ्यात प्राण फुंकला आणि मी सम्राट झालो. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणणारी आपल्याकडची माणसं मला इथे हमखास आठवतात. त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच ज्युलिएट गेल्याची बातमी येते. मग तिसरा प्रवेश. ज्युलिएट थडग्यात जागी होते. रोमिओ मेलेला आहे. त्याच्या ओठांवर विषाचा थेंब उरला असेल म्हणून ती त्याचं चुंबन घेते आणि म्हणते, तुझे ओठ ऊबदार आहेत.