वादळानंतरचा झायडेको अल्बम कसा ऐकावा

झायडेको हे अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या कृष्णवर्णीय क्रिओल, म्हणजे फ्रेंच वसाहतकाळाचा मिश्र वारसा असलेल्या, शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे नाचाचे संगीत असल्यामुळे, चक्रीवादळानंतर निघालेला झायडेको अल्बम लावल्यावर नवख्या श्रोत्याला बहुधा एकच प्रश्न पडतो: यात शोक नेमका आहे कुठे? ठेका पाय हलवायला लावतो, अकॉर्डियन खळखळत असते, आणि दोन गाण्यांतच श्रोता कंटाळतो किंवा चुकीच्या कारणाने खूश होतो. हा शोक ऐकण्याची एक रीत आहे. ती दाखवण्यासाठी मी बकव्हीट झायडेको या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्टॅन्ली ड्युरल यांचा २००९ सालचा ‘ले युअर बर्डन डाउन’, म्हणजे ‘ओझे खाली ठेव’, हा अल्बम निवडला आहे.

आधी नकाशा पाहावा. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ आले, बांध फुटले आणि न्यू ऑर्लीन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण झायडेको हे न्यू ऑर्लीन्सचे संगीत नव्हे. त्याचे घर राज्याच्या नैर्ऋत्य भागात, लाफायेट, ओपेलुसास आणि लेक चार्ल्सच्या परिसरात आहे, आणि त्या बाजूच्या किनाऱ्यावर अवघ्या चार आठवड्यांनी, २४ सप्टेंबरला, रिटा हे दुसरे चक्रीवादळ आदळले. जगाचे कॅमेरे तोपर्यंत पहिल्या वादळावर खिळलेले होते. ड्युरल लाफायेटचे. म्हणून हा अल्बम एका बुडालेल्या शहराची कहाणी समजून ऐकू नये.

त्यानंतर, मूळ अल्बमला हात लावण्यापूर्वी, क्लिफ्टन शेनियर यांची दोन-चार नाचाची गाणी ऐकावीत. ही पायरी गाळू नये, कारण सुखाचा झायडेको कानात बसल्याखेरीज दुःखाचा ओळखू येत नाही. शेनियर हे या संगीताचे राजे मानले जात, आणि ड्युरल १९७० च्या दशकात त्यांच्याच वाद्यवृंदात ऑर्गन वाजवत होते. ऐकताना खांद्यांवरून अडकवून छातीवर घातलेल्या पन्हाळीदार पत्र्याकडे, म्हणजे फ्रॉट्वारकडे, लक्ष ठेवावे. चमचे किंवा बाटली उघडण्याच्या चाव्या त्यावर घासून जो खरखरता ठेका निघतो, तोच नाच चालू असल्याची खूण असतो. झायडेको हा शब्दही ‘घेवड्यात मीठ नाही’ अशा अर्थाच्या क्रिओल फ्रेंच वाक्प्रचारावरून आला असे मानले जाते: घेवड्याबरोबर शिजवायला खारवलेले मांससुद्धा घरात नाही, इतकी ओढगस्त. नाचाच्या नावातच उपासमार आहे, हे एकदा कळले की पुढचे काम सोपे होते.

आता अल्बम लावावा. पहिलेच गाणे बांध फुटण्याचे आहे, आणि ते कतरिनासाठी लिहिलेले नाही. मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅककॉय यांनी ते १९२९ मध्ये, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुराबद्दल, ध्वनिमुद्रित केले होते. त्या पुरात न्यू ऑर्लीन्स वाचावे म्हणून अधिकाऱ्यांनी शहराच्या खालच्या अंगाला कार्नार्व्हन येथे बांध सुरुंगाने उडवला आणि गरिबांच्या वस्त्यांवर पाणी सोडले. ऐंशी वर्षे जुने गाणे नव्या पुरानंतर अल्बमच्या तोंडाशी ठेवले जाते, तेव्हा शोकाबरोबर आरोपही ऐकू येतो, निदान मला तरी येतो. येथे सनी लँड्रेथ यांची स्लाइड गिटार, म्हणजे तारांवर नळी सरकवून वाजवलेली गिटार, वेगळी काढून ऐकावी. तेही एके काळी शेनियर यांच्या वाद्यवृंदात होते.

दुसऱ्या वेळी ऐकताना शब्द सोडून द्यावेत आणि फक्त हवेकडे लक्ष द्यावे. पेटी शिकलेल्या मराठी श्रोत्याला हे चटकन जमेल. पेटीत भात्याने भरलेली हवा आतल्या कोठीत साठते, त्यामुळे स्वर बराचसा सरळ राहतो. अकॉर्डियनला अशी मधली कोठी नसल्यामुळे वादकाच्या हाताचा प्रत्येक ताण थेट स्वरात उतरतो, आणि स्वर फुगतो, दबतो, कधी शेवटी विझत जातो. ड्युरल मात्र हॅमंड ऑर्गनही वाजवत, आणि त्याला भाताच नाही: पट्टी दाबलेली असेपर्यंत स्वर अखंड टिकतो, आणि फिरत्या लेस्ली स्पीकरमुळे तो कंप पावतो. अकॉर्डियन दम घेते, ऑर्गनला दम घ्यावा लागत नाही. शोक कुठे रडतो आणि कुठे नुसता साचून राहतो, हे या दोन वाद्यांच्या अदलाबदलीवरून शोधावे. शीर्षकगीत यासाठी सर्वांत उपयोगी आहे. ते मूळचे गव्हर्न्मेंट म्यूल या वाद्यवृंदाचे असून त्याच वाद्यवृंदाचे वॉरन हेन्स येथे गिटार वाजवतात.

उत्सवी गाणे आले की ते ओलांडून पुढे जाण्याचा मोह आवरावा. अल्बमच्या मध्यावर न्यू ऑर्लीन्सच्या मार्डी ग्रा या कार्निव्हल उत्सवाच्या मिरवणुकीतल्या आरोळीवर बेतलेले एक गाणे आहे. चित्ररथावरून मण्यांच्या माळा फेकणाऱ्यांना गर्दी ‘साहेब, आमच्याकडेही काही फेका’ असे ओरडून सांगते. वादळानंतर सहा महिनेही झाले नसताना, फेब्रुवारी २००६ मध्ये, अर्धे शहर ओस पडलेले असूनही ही मिरवणूक निघाली होती, आणि त्यावर तेव्हा वादही झाला. हे गाणे त्या वादासकट ऐकावे. या अल्बमला २०१० मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला, पण ऐकताना त्याचा काही उपयोग होत नाही.

शेवटी, जोडीला ऐकायचे असेल तर क्लिफ्टन यांचे चिरंजीव सी. जे. शेनियर यांचा २००६ चा ‘द डेस्परेट किंगडम ऑफ लव्ह’ घ्यावा. त्याचे शीर्षकगीत पी. जे. हार्वी या इंग्लिश गायिकेचे आहे, त्यामुळे पुराचे नाव न घेणारे गाणे पुरानंतर कसे ऐकू येते, हे तेथे तपासता येते. मग पुन्हा वडिलांचे एखादे नाचाचे गाणे लावावे आणि पत्र्यावरचे चमचे मोजत बसावे.