जुना कागद, शिलालेख आणि वही : पुरावा वापरताना या चुका टाळा

नाशिकमध्ये पुराव्याला तोटा नाही. पांडवलेण्यांतले शिलालेख आहेत, त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून मोडी दप्तरं सापडतात. त्यामुळे कुलवृत्तांत, गावाचा इतिहास, प्रबंध लिहिणारेही इथे पुष्कळ. त्यांची लिखाणं वाचायला येतात तेव्हा त्याच त्या चुका पुन्हा समोर येतात, म्हणून हे एकदा सविस्तर सांगतो.

सगळ्यात जास्त घात होतो तो सनाचा. पेशवाईतल्या मोडी कागदावर वर्ष बहुधा अरबी शब्दांत असतं. एका होतकरू तरुणाला घरच्या दप्तरात पाण्याच्या वाटणीचा कागद सापडला. वर ‘सीत समानीन मया व अलफ’, आत माधवराव पंडित प्रधानांचं नाव. सहा, ऐंशी, शंभर, हजार, म्हणजे ११८६, हे त्याने बरोबर लावलं. मग फोनवर हिजरी सन बदलून देणारं पान उघडलं. उत्तर आलं १७७२-७३. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले; झालं, हा त्यांच्या अखेरच्या दिवसांतला निवाडा ठरला. कुलवृत्तांतात त्यावर अख्खं प्रकरण लिहून छापखान्यात गेलं.

तो सन हिजरी नव्हताच. तो सुहूर सन, म्हणजे अरबी. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे ऋतूंतून सरकत जातं. सुहूर सन सौर आहे, मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून शेतसाऱ्याच्या कामाला सोयीचा. इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. कागद १७८५-८६ चा निघाला. माधवराव खरे, पण सवाई! तेव्हा ते अकरा-बारा वर्षांचे आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती. निवाडा कोणाचा, कोणत्या राजकारणातला, सगळंच बदललं. पुस्तक मात्र वाटून झालं होतं आणि ते चुकीचं वर्ष आजही दुसऱ्यांच्या लेखांत भेटतं.

माझी सवय अशी : कागद हाती आला की मजकुराकडे न पाहता आधी पेन्सिलीने सुहूर, शक आणि इसवी अशी तिन्ही वर्षं मांडायची. ‘छ’ लिहून दिलेला चंद्र, म्हणजे मुसलमानी चांद्र महिन्याची तारीख, आणि महिना असेल तर तोही जंत्रीत, म्हणजे वेगवेगळ्या कालगणनांचा मेळ घालून देणाऱ्या कोष्टकांत, पाहायचा. तिन्ही जुळली नाहीत तर त्या दिवशी पुढे वाचायचं नाही. जंत्री उघडायला लागणारी दहा मिनिटं ज्यांना जास्त वाटतात, त्यांनी निष्कर्ष छापायची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक प्रशस्तीची, म्हणजे राजाची स्तुती करणाऱ्या लेखाची. पांडवलेण्यांतल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू, सातवाहन राजा पुळुमावी, याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. त्यात तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा आहे; त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं आहे; त्याने क्षहरातांचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाचा, वंश निःशेष केला आहे. लोक हा लेख घेतात आणि त्यातल्या प्रदेशांच्या यादीवरून सरळ नकाशा रंगवतात. अहो, लिहवून घेणारी आई आहे, मुलगा हयात नाही, आणि प्रसंग दानधर्माचा आहे. तिला मुलगा कसा आठवावासा वाटला, याचा हा अस्सल पुरावा. राज्याच्या सीमेचा पुरावा वेगळा मागायला हवा.

क्षहरातांच्या पराभवाचा असा वेगळा पुरावा मिळतो, आणि तोही जवळच. १९०६ मध्ये जोगलटेंभीला नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. शिवाय त्याच लेण्यात त्याच्या अठराव्या वर्षाचा हुकूम कोरलेला आहे : पूर्वी उषवदाताकडे, म्हणजे नहपानाच्या जावयाकडे, असलेलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्या, असं नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याला कळवलं आहे. शेताचा हा रुक्ष हुकूम मला सगळ्या विशेषणांपेक्षा मोलाचा वाटतो. स्तुती करायला तो लिहिलेलाच नाही; जाता जाता जमिनीचा जुना धनी सांगून गेला.

पाच पुस्तकांत एकच गोष्ट आहे म्हणून ती पक्की धरू नका. पाचही १८८३ च्या नाशिक गॅझेटियरवरून उतरलेली असतील तर साक्षीदार एकच.

तीर्थोपाध्यायांच्या वहीत ‘मी आलो’ म्हणून सही करणाऱ्याची नोंद भक्कम. त्याने आठवणीतून सांगितलेले खापरपणजोबा तितके भक्कम नाहीत. वही मूळ आहे की जीर्ण झाली म्हणून नंतर उतरवलेली, हे विचारायला लाजू नका.

कागदाचा फोटो काढताना मागची बाजूही घ्या.

मोडीतलं अक्षर लागलं नाही तर तिथे टिंबं द्या. अंदाजाने भरलेला शब्द पुढच्या माणसाला मूळच वाटतो. आणि दुसऱ्याच्या लिप्यंतरावर काम करत असाल तर मूळ कागदाची छायाप्रत शेजारी हवीच. निदान नावं, आकडे आणि सन तरी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून घ्या.