मातीचं बूच बाटलीत बसत नाही? या चुका टाळा

काकवीच्या बाटलीसाठी पहिलं बूच केलं तेव्हा मी सगळं मातीचंच केलं होतं. वर चिमणी पक्षी, खाली दांडा. ओला असताना दांडा झकास बसायचा. भट्टीतून आला तो खुळखुळतच. चूक आकाराची नव्हती, अपेक्षेची होती. भाजलेली माती दबत नाही. घट्ट बसवायला जाल तर काचेचं तोंड तडकेल, सैल ठेवाल तर मुंग्या आत. घट्ट धरायचं काम कॉर्कचं. मातीची फक्त चिमणी करा, तिच्या बुडाला भोक ठेवा आणि त्यात कॉर्क चिकटवा.

आता भोकाचा हिशेब. माती आक्रसली की भोक मोठं होईल असं नव्याला वाटतं, मलाही वाटायचं. प्रत्यक्षात भोकही त्याच प्रमाणात लहान होतं. स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला भाजायची) वाळून-भाजून साधारण १२ टक्के आक्रसते. भाजल्यावर १० मिमी भोक हवं असेल, तर १० ला ०.८८ ने भागा, म्हणजे कच्चं भोक ११.४ मिमी. प्रत्येक मातीचा आकडा वेगळा. त्यामुळे त्याच मातीच्या पट्टीवर १० सेंमीची रेघ मारून ती आधी भाजून घ्या. रेघ ८.८ सेंमी भरली, तर हिशेब बरोबर.

भरीव चिमणी भट्टीत फुटते आणि शेजारचा कपही घेऊन जाते. दोष हवेच्या बुडबुड्याला देतात, पण फोडते ती आतली ओल, वाफ होऊन. पोट कोरा, पोकळी भोकाशी जोडा. पुण्यातल्या जुलैत वरून कोरडं दिसणारं आतून ओलंच असतं. गालाला लावून पाहा; गार लागलं तर अजून थांबा.

गणपतीची उरलेली शाडू वापरू नका, ती भट्टीसाठी नसतेच. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातली लाल माती छान, पण १२०० अंशांच्या भट्टीत नेलीत तर फुगून भट्टीतल्या शेल्फला चिकटेल.

ग्लेझ, म्हणजे मातीवरचा काचेसारखा लेप, भोकात जाऊ देऊ नका, बुडाचाही ओल्या स्पंजनं पुसून काढा. भोकात ग्लेझ राहिलं तर गोंद नीट धरत नाही.

कॉर्क चिकटवायला एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) लावल्यावर बूच उलटं करून २४ तास तसंच ठेवा. मी तिसऱ्या तासाला बाटलीत खुपसलं होतं. चिमणी हातात आली, कॉर्क काकवीच्या बाटलीतच राहिला.