अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील मानव्यविद्येचा विषय : निवड आणि अभ्यास

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, ग्राफिक्स आणि प्रोग्रॅमिंग यांच्या जोडीला मानव्यविद्या किंवा सामाजिकशास्त्रांतील एखादा वैकल्पिक विषय घ्यावा लागतो. बहुतेक विद्यार्थी तो नोंदणीच्या अखेरच्या दिवशी, ‘स्कोअरिंग कोणता’ एवढेच सिनिअरला विचारून ठरवतात. मी नागपुरात स्थापत्य अभियांत्रिकी शिकले. पहिल्या वर्षी मी अर्थशास्त्र घेतले, पुढे समाजशास्त्र घेतले, आणि नंतर धाकट्या तुकड्यांतील अनेकांना या निवडीत मदत केली. तेव्हापासून माझे मत पक्के आहे : ज्या विषयात तुम्हाला स्वतःचे म्हणणे पुराव्यासह लिहावे लागेल आणि ते लिखाण कोणीतरी काळजीपूर्वक वाचून तपासेल, तोच विषय घ्यावा.

या विषयांना अभ्यासक्रमात जागा मिळाली आहे ती केवळ वेळापत्रक भरण्यासाठी, असा समज फार पसरलेला आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली आखलेल्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीच्या एकूण १६० क्रेडिटपैकी १२ क्रेडिट मानव्यविद्या, सामाजिकशास्त्रे आणि व्यवस्थापन यांच्यासाठी ठेवलेले आहेत. प्रत्यक्षात कोणते विषय शिकवायचे हे विद्यापीठ किंवा स्वायत्त महाविद्यालय ठरवते, त्यामुळे मित्राच्या महाविद्यालयातील यादी पाहून अंदाज बांधू नये. आपल्याच विभागाचा अभ्यासक्रम काढून त्यातील गुणविभागणी वाचावी. सत्रान्त परीक्षेला किती गुण आहेत, सेशनलला म्हणजे सत्रादरम्यानच्या अंतर्गत चाचण्यांना किती, लेखी प्रकल्प किंवा सादरीकरण आहे का, या तीन गोष्टींवरून सत्र कसे जाणार आहे हे बरेचसे कळते.

अर्थशास्त्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला सोपे वाटते, कारण सीमान्त खर्च म्हणजे एकूण खर्चाच्या फलाचे अवकलज, हे कॅल्क्युलस शिकत असलेल्याला लगेच उमगते. अडचण त्यानंतर सुरू होते. मागणी-पुरवठ्याचा आलेख काढता येणे वेगळे आणि तो आलेख कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, ती गृहीतके एखाद्या ठिकाणी लागू पडतात की नाही, हे सांगता येणे वेगळे. नागपुरातील एम्प्रेस मिलचे उदाहरण मला यासाठी फार उपयोगी वाटते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी ही गिरणी मुंबई सोडून इथे सुरू केली. कापूस जवळ पिकत होता, वरोऱ्याचा कोळसा हाताशी होता आणि १८६७ सालीच रेल्वे नागपुरात पोहोचली होती. वाहतूक खर्चाचे गणित इथवर नेते. मात्र कामगार नियमितपणे कामावर यावेत म्हणून गिरणीला पुढे बक्षिसे आणि निवृत्तिवेतनासारख्या सोयी का सुरू कराव्या लागल्या, याचे उत्तर त्या गणितात सापडत नाही. शेतीच्या हंगामाशी बांधलेला माणूस यंत्राच्या वेळापत्रकाशी कसा जुळवून घेतो, हा प्रश्न समाजशास्त्राचा आणि इतिहासाचा आहे. दोन विषयांची हद्द कुठे संपते आणि कुठे सुरू होते, हे मला या एका गिरणीवरून जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही व्याख्येवरून झाले नव्हते.

मानसशास्त्र ‘स्वतःला ओळखण्यासाठी’ घेणाऱ्यांची संख्या मोठी असते. त्यांनी आधी हे जाणून घ्यावे की त्या विषयाचा बराचसा भाग प्रयोगांची रचना, नमुना निवड आणि सहसंबंध यांनी व्यापलेला असतो. तर्कशास्त्र किंवा तत्त्वज्ञान उपलब्ध असेल तर संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांनी ते जरूर पाहावे. पर्वतावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेतले अनुमान पाच अवयवांत, म्हणजे पाच पायऱ्यांत, मांडून पाहताना आपण कोणती पायरी न सांगता ओलांडतो हे लख्ख दिसते. संवादकौशल्याचा विषय बहुतेक ठिकाणी सक्तीचाच असतो, म्हणून तो या निवडीत धरू नये.

स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मी समाजशास्त्र किंवा ‘तंत्रज्ञान आणि समाज’ सुचवते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. सांडव्यावरून किती विसर्ग झाला असेल हे जलशास्त्राने काढता येते. नदीच्या पात्रालगत घरे कशी उभी राहिली, परवानग्या कोणी दिल्या, नुकसान कोणाला सोसवले आणि कोणाला नाही, हे शोधण्यासाठी लोकांशी बोलावे लागते, जुने नकाशे पाहावे लागतात आणि मिळालेली माहिती एकमेकींशी ताडून बघावी लागते. तसेच दीक्षाभूमी प्रत्येक नागपूरकराला ठाऊक असते, पण डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते, आणि पाटबंधारे व वीज यांचे राष्ट्रीय धोरण आखण्यात, दामोदर खोऱ्याच्या योजनेच्या पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा होता, हे अभियांत्रिकीच्या मुलांना क्वचितच माहीत असते. प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर याहून जवळचा आणि महत्त्वाचा विषय मिळणे कठीण आहे.

अभ्यासाची पद्धत मात्र बदलावी लागते. गणितात सोडवलेली उदाहरणे पाहून पुढची सोडवता येतात. इथे वीस पानांचे प्रकरण वाचून लेखकाचा मुख्य दावा दोन वाक्यांत लिहिता आला, तरच ते वाचले असे समजावे. मी प्रत्येक प्रकरणासाठी वहीत तीन नोंदी करत असे : लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, आणि त्यावर कोणता आक्षेप घेता येईल. परीक्षेतील उत्तराचा सांगाडा याच तीन नोंदींतून उभा राहतो. परीक्षेच्या आदल्या रात्री सिनिअरच्या नोट्स वाचून गुण कदाचित मिळतीलही, परंतु लिहिण्याचा सराव त्यातून होत नाही, आणि तो सराव हाच या विषयाचा खरा लाभ आहे.

मराठी माध्यमातून, विशेषतः गडचिरोली, गोंदिया किंवा वाशीमसारख्या जिल्ह्यांतून आलेले विद्यार्थी इंग्रजीच्या धास्तीने सर्वांत कमी लिखाणाचा विषय निवडतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तसे करू नये. विचार मराठीत करा, कच्चा मसुदा मराठीत लिहा आणि मग तोच मुद्दा लहान, सरळ इंग्रजी वाक्यांत मांडा. महागाई, लवचिकता, नोकरशाही अशा संकल्पना समजून घेण्यासाठी मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्यातील अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या नोंदी पहिल्या वर्षाला पुरेशा आहेत. ज्याच्या गावात धरणाने विस्थापित झालेले कुटुंब आहे किंवा ज्याच्या घरी कापसाच्या भावावर वर्षाचा हिशेब ठरतो, त्याच्यापाशी शहरातल्या विद्यार्थ्याकडे नसलेली सामग्री असते. शिक्षकांना ती वाचायला मिळाली की ते आनंदाने वेळ देतात, असा माझा अनुभव आहे.

नोंदणीपूर्वी विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना प्रत्यक्ष भेटून मागील सत्राचे वाचनसाहित्य आणि एखादी प्रश्नपत्रिका पाहायला मागावी. जागा मर्यादित असतात, म्हणून पहिली आणि दुसरी पसंती आधीच ठरवून ठेवावी. विषय बदलण्याची मुदत महाविद्यालय देत असेल तर तेवढ्या काळात दोन्ही विषयांच्या तासांना बसावे आणि पहिला लेखी गृहपाठ कोणते शिक्षक लवकर देतात, तो तपासून शेरे लिहून परत करतात का, हे पाहून मगच नाव कायम करावे.