मोझेकमध्ये व्हिडिओ चालत नसेल, तर या चुका टाळा

एनसीएसए मोझेक हा ब्राउझर १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून युनिक्सच्या एक्स विंडो या खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीसाठी प्रसिद्ध झाला. जुनी सन किंवा सिलिकॉन ग्राफिक्सची वर्कस्टेशन पुन्हा चालू करणारे आणि मोझेकचा सोर्स कोड लिनक्सवर कंपाइल करून पाहणारे अभ्यासक आजही आहेत, आणि त्यांची तक्रार बहुधा एकच असते: पानावरची चित्रे नीट दिसतात, मात्र व्हिडिओच्या दुव्यावर क्लिक केल्यावर काहीच होत नाही किंवा खिडकीभर निरर्थक अक्षरे उमटतात.

या तक्रारीमागची सर्वांत मोठी चूक म्हणजे दोष मोझेकमध्येच आहे असे गृहीत धरणे. मोझेक स्वतः व्हिडिओ दाखवत नाही. तो फाइल पूर्ण उतरवून घेतो, तात्पुरत्या जागेत ठेवतो, तिचा प्रकार पाहतो आणि त्या प्रकारासाठी नेमून दिलेला दुसरा प्रोग्राम सुरू करतो. सर्व्हर, ब्राउझर आणि प्लेयर असे तीन स्वतंत्र घटक या कामात असतात. त्यांपैकी नेमका कोणता अडला आहे हे ठरवण्याआधी सेटिंग बदलत बसले, तर मूळ दोषात आपल्या हातचे दोन नवे दोष मिसळतात.

म्हणून तपासणी उलट्या टोकाने, म्हणजे प्लेयरपासून सुरू करावी. मोझेकच्या ऑप्शन्स मेनूत फाइल थेट डिस्कवर साठवण्याचा पर्याय आहे. तो चालू करून व्हिडिओ उतरवावा, पर्याय आठवणीने पुन्हा बंद करावा (तो चालू राहिला तर पुढची प्रत्येक फाइल दाखवली न जाता साठवली जाईल), आणि टर्मिनलवरून प्लेयरला ती फाइल हाताने द्यावी. इथेही व्हिडिओ चालला नाही, तर ब्राउझरला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

प्लेयरची निवड हा दुसरा कळीचा मुद्दा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स रो यांच्या गटाने तयार केलेला एमपेग-प्ले हा त्या काळचा सर्वाधिक वापरातला प्लेयर होता, परंतु तो फक्त एमपेग-१ या व्हिडिओ प्रकाराचे चित्र उलगडतो, आवाज वाजवत नाही. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना केवळ चित्राचा प्रवाह असलेली फाइल लागत असे आणि चित्र व आवाज एकत्र गुंफलेली फाइल त्यांना उलगडत नसे. मार्क पॉडलिपेक यांचा एक्सॲनिम हा प्रोग्राम क्विकटाइम, एव्हीआय, एफएलआय असे अनेक प्रकार हाताळतो आणि आवाजही देतो, त्यामुळे सगळा भार त्याच्यावरच टाकण्याचा मोह होतो. मात्र एमपेगमध्ये तो केवळ आय प्रकारच्या, म्हणजे स्वयंपूर्ण, फ्रेम दाखवतो आणि मधल्या पी व बी फ्रेम गाळतो. अशा वेळी चित्र उड्या मारत सरकते आणि लोक यंत्राच्या वेगाला दोष देतात. एमपेगसाठी एमपेग-प्ले आणि इतर प्रकारांसाठी एक्सॲनिम ही विभागणीच योग्य.

क्विकटाइम फाइलींचे एक दुखणे वेगळे आहे. मॅकिंटॉशवर एकाच फाइलीचे डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क असे दोन भाग असत आणि फ्रेम कोठे आहेत हे सांगणारा ‘मूव्ह’ विभाग अनेकदा रिसोर्स फोर्कमध्ये राहत असे. फाइल युनिक्स सर्व्हरवर चढवताना तो भाग मागेच राहिला, तर उरलेली फाइल आकाराने पूर्ण वाटली तरी कोणताही प्लेयर ती उघडू शकत नाही. मॅकिंटॉशवर ती आधी ‘फ्लॅटन’ करून, म्हणजे सर्व माहिती डेटा फोर्कमध्ये आणून, मगच चढवावी लागते. पीसी किंवा मॅकवरून एफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने फाइल चढवताना बायनरी पद्धत निवडली नाही, तर ओळ संपवणारी चिन्हे बदलण्याच्या नादात व्हिडिओचे बाइटही बदलतात. अशी फाइल दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये. ती नव्यानेच चढवावी.

प्लेयर हाताने नीट चालत असेल, तर आता सर्व्हरकडे वळावे. खिडकीभर निरर्थक अक्षरे दिसणे ही सर्व्हरच्या चुकीची खूण आहे, कारण एचटीटीपी १.० या वेबच्या संवादपद्धतीत फाइलीचा प्रकार सर्व्हर सांगतो आणि मोझेक तो प्रमाण मानतो. सर्व्हरने एमपेग फाइलीला साधा मजकूर म्हटले, तर मोझेक ती मजकूर म्हणूनच दाखवणार. इथे पुष्कळ जण आपल्या होम डिरेक्टरीतील माइम-टाइप्स फाइलीत (नावाच्या शेवटच्या अक्षरांवरून, म्हणजे एक्स्टेन्शनवरून, प्रकार ठरवणाऱ्या यादीत) नवी एक्स्टेन्शन लिहितात आणि काहीच फरक पडत नाही म्हणून गोंधळतात. ती फाइल फक्त एफटीपी, गोफर, स्थानिक फाइली किंवा प्रकार न सांगणारे जुने सर्व्हर यांच्यासाठी उपयोगी पडते. एचटीटीपी सर्व्हर आपल्या ताब्यात असेल, तर त्याच्याच माइम-टाइप्स यादीत किंवा ॲड-टाइप या निर्देशाने एक्स्टेन्शन आणि प्रकार यांची जोडी लिहावी.

होम डिरेक्टरीतील माइम-टाइप्स फाइलीबाबत नेटस्केप या दुसऱ्या ब्राउझरने एक गुंता वाढवला. नेटस्केप आपली माइम-टाइप्स फाइल वेगळ्या मांडणीत लिहितो आणि ती ओळखण्यासाठी सुरुवातीला स्वतःच्या नावाची एक टीप-ओळ ठेवतो. त्या ओळीखाली जुन्या पद्धतीच्या नोंदी मिसळू नयेत.

आता उरला मधला दुवा, म्हणजे कोणत्या प्रकारासाठी कोणता प्रोग्राम सुरू करायचा हे मोझेकला सांगणारी मेलकॅप फाइल. तिची पद्धत सप्टेंबर १९९३ मधील आरएफसी १५२४ या इंटरनेटविषयक दस्तऐवजात लिहिलेली आहे: आधी प्रकार, मग अर्धविराम, मग कमांड, आणि फाइलीचे नाव जिथे यायला हवे तिथे टक्केचिन्हाला जोडून एस हे अक्षर. जुळणारी पहिली नोंद वापरावी असा तिथला नियम असल्याने सर्व व्हिडिओंना लागू पडणारी तारांकित ओळ नेहमी शेवटी ठेवावी. सर्वांत फसवी चूक मात्र कमांडच्या शेवटी ‘&’ हे चिन्ह लावण्याची आहे. प्लेयर पार्श्वभूमीत चालावा, ब्राउझर अडून राहू नये, हा त्यामागचा हेतू असतो. पण मोझेक प्लेयरला आधीच पार्श्वभूमीत चालवतो आणि तो संपताच तात्पुरती फाइल पुसतो. आपण आणखी एक ‘&’ जोडले, की कमांड तत्क्षणी संपल्यासारखी दिसते आणि प्लेयर फाइल उघडण्यापूर्वीच ती पुसली जाऊ शकते. त्यामुळे कधी व्हिडिओ चालतो, कधी चालत नाही. मेलकॅप बदलल्यावर ऑप्शन्स मेनूतून कॉन्फिगरेशन फाइली पुन्हा वाचायला सांगणेही आवश्यक आहे, नाहीतर जुन्याच नोंदी वापरल्या जातात.

विंडो मॅनेजरच्या मेनूतून सुरू केलेल्या मोझेकला आपल्या शेलचा पाथ, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या जागांची यादी, मिळेलच असे नाही. प्लेयर सापडला नाही हा संदेश अशा वेळी न दिसणाऱ्या ठिकाणी जातो आणि क्लिक वाया गेल्यासारखे वाटते. मोझेक एकदा टर्मिनलवरून सुरू करून तिथे येणारे संदेश वाचावेत, आणि मेलकॅपमध्ये प्लेयरचा संपूर्ण पाथ, म्हणजे डिस्कवरचा पूर्ण पत्ता, लिहावा. तात्पुरत्या जागेत पूर्ण फाइल मावेल ना, हेही पाहावे. फाइल पूर्ण उतरल्याशिवाय प्लेयर सुरू होत नाही, आणि १४.४ किलोबिटच्या मोडेमवर एक मेगाबाइट यायला साधारण साडेनऊ मिनिटे लागतात, त्यामुळे केवळ उशिराला बिघाड समजणे चुकीचे ठरते.

व्हिडिओ चालतो पण रंग विचित्र दिसतात, ही तक्रार ८ बिटांच्या पडद्यावर येते. तिथे एकूण २५६ रंगांच्या जागा सर्व प्रोग्रामना मिळून वापराव्या लागतात. मोझेक प्रत्येक अंतर्गत चित्रासाठी पन्नासपर्यंत रंग घेऊ शकतो आणि एमपेग-प्लेच्या नेहमीच्या रंगमांडणीला १२८ लागतात, म्हणून चित्रांनी भरलेले पान उघडे असताना जागा उरत नाही. प्रत्येक चित्रासाठीची रंगमर्यादा मोझेकच्या एक्स रिसोर्समध्ये, म्हणजे एक्स प्रणालीच्या सेटिंगमध्ये, कमी करावी किंवा प्लेयरला करड्या छटांत चालवावे. दुसरा उपाय दिसायला साधा असला, तरी चेहरे आणि हालचाल त्यात स्पष्ट कळतात.

मोझेक एका यंत्रावर आणि पडदा दुसऱ्यावर असेल, तर प्लेयर मोझेकच्याच यंत्रावर चालतो आणि आवाजही तिथेच वाजतो. एक्सची शेअर्ड मेमरी (प्रोग्राम आणि पडदा यांनी एकच मेमरी वापरण्याची) ही सोय दोन यंत्रांमध्ये चालत नाही, म्हणून एमपेग-प्लेला ती बंद करण्याचा पर्याय द्यावा. शिवाय ३२० बाय २४० चे ८ बिटांचे चित्र सेकंदाला १५ वेळा पाठवायचे, तर सुमारे ९.२ मेगाबिट लागतात, म्हणजे १० मेगाबिटची जवळजवळ सगळी इथरनेट. १६० बाय १२० चे चित्र त्याच्या चौथ्या भागात भागते.

आजच्या लिनक्सवर मोझेक वापरताना त्यात एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, नसल्याने बहुतेक संकेतस्थळे उघडत नाहीत. स्वतःच्या यंत्रावर साधा एचटीटीपी सर्व्हर चालवून, मेलकॅपमध्ये एमपी-४ या प्रकारापुढे एमपीव्ही या प्लेयरचा संपूर्ण पाथ लिहावा. त्या फाइलीतील मूव्ह विभाग शेवटी असला तरी इथे अडत नाही, कारण प्लेयर सुरू होईपर्यंत फाइलीचा शेवटचा बाइटही डिस्कवर आलेला असतो.