रात्री दोनपर्यंत जागा असायचो

गेल्या मे महिन्यात डोळ्याला डोळा लागत नव्हता. सोलापूरचा उन्हाळा, पारा ४० अंशांपार, दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत आग ओकायचा. टॉवेलच्या कारखान्यात माझे हिशेब चुकायला लागले. घरी मुलांवर उगाच ओरडायचो, त्याचं फार वाईट वाटायचं.

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, हे कळल्यावर गोळ्यांचा विचार सोडला. गच्चीवर पाणी मारणं आपल्याकडे परवडत नाही, नळाला रोज कुठे पाणी येतं! म्हणून गच्चीला चुना मारला. झोपण्याच्या तासभर आधी एक बादली कोमट पाण्याने आंघोळ. कोमटच हवं, त्याने त्वचेकडे रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते. रात्री आठचा चहा बंद केला, कारण त्यातलं साधारण निम्मं कॅफिन ५-६ तासांनीही अंगात असतं. हे सगळ्यात जड गेलं.

मोबाइल स्वयंपाकघरात. उठायचं मात्र रोज सहाला, रविवारीही, आणि लगेच सिद्धेश्वर तलावाकाठी फेरी. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ जागेवर येतं.

तिसऱ्या आठवड्यात सलग ७ तास झोपलो. कुणाचा घोरताना श्वास अडकत असेल, तर त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवा.